हेलियम आणि साहेबाचे ओटे

विजयदुर्ग किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' दाखवून हमखास सांगतात, की १८६८ च्या ग्रहणात नॉर्मन लॉकियरने हेलियम इथेच शोधला. गोष्ट मला भयंकर आवडते, पण तारखा काही जुळत नाहीत राव.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण पाहायला फ्रान्सचा जान्सेन आला होता, तो गुंटूरला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट त्याला इतका ठळक दिसला, की दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने ग्रहण नसतानाही तो पाहिला! लॉकियर तेव्हा इंग्लंडात. २० ऑक्टोबरला त्यानेही तिथूनच तेच जमवलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली म्हणे.

वर्णपटातली एक पिवळी रेघ मात्र सोडियमच्या जोडरेघांशी जुळेना. लॉकियर म्हणाला, हे नवीन मूलद्रव्य. रसायनवाल्यांना ते पटेना. शेवटी १८९५ मध्ये रॅमसेला युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ सापडली. तब्बल २७ वर्षं!

मग ओट्यांचं काय? लॉकियर विजयदुर्गला आला होता हे खरं, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ओटे त्या मोहिमेचे धरले तर सगळं जुळतं: साहेब तोच, किल्ला तोच, फक्त ग्रहण तीस वर्षांनंतरचं.