लायगो-इंडिया प्रकल्प : सामान्य नागरिकांसाठी माहिती

थोडक्यात

• प्रकल्प : गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा
• ठिकाण : औंढा नागनाथ तालुका, जिल्हा हिंगोली, महाराष्ट्र
• तत्त्वतः मंजुरी : १७ फेब्रुवारी २०१६
• अंतिम मंजुरी : एप्रिल २०२३, केंद्रीय मंत्रिमंडळ
• मंजूर खर्च : सुमारे २,६०० कोटी रुपये
• राबवणारे विभाग : अणुऊर्जा विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या सहकार्याने
• मंजुरीच्या वेळी ठरलेले उद्दिष्ट : २०३० पर्यंत उभारणी

ही लाभार्थी योजना आहे का?

नाही. या प्रकल्पातून कोणाच्याही बँक खात्यात थेट रक्कम जमा होत नाही. यासाठी भरायचा कोणताही अर्ज नाही, नोंदणी नाही आणि शुल्कही नाही. तरीही हा पैसा जनतेचा आहे. म्हणून तो कशासाठी खर्च होत आहे, हे जाणून घेण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

गुरुत्वीय लहरी म्हणजे काय?

विहिरीत दगड टाकला की पाण्यावर तरंग उठतात आणि काठापर्यंत येतात. त्याचप्रमाणे अवकाशात अतिशय जड वस्तू एकमेकींवर आदळल्या की अवकाशातच तरंग उठतात आणि प्रकाशाच्या वेगाने सर्व दिशांना पसरतात. आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये हे गणिताने मांडले होते. प्रत्यक्ष तरंग पकडायला पुढची ९९ वर्षे लागली.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन लायगो यंत्रांनी पहिला तरंग टिपला. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. ही घटना सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर घडली होती. म्हणजे तो तरंग आपल्यापर्यंत पोहोचायला १३० कोटी वर्षे लागली. या कामासाठी रायनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. असे क्षीण तरंग गोंगाटातून कसे वेगळे काढायचे, यावर पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षे आधीपासून काम केले होते.

हे यंत्र काम कसे करते?

१. काटकोनात दोन लांब नळ्या असतात. प्रत्येकीची लांबी ४ किलोमीटर असते. आतील हवा काढून घेतलेली असते.
२. एका लेसर किरणाचे दोन भाग करून ते दोन नळ्यांत सोडतात. टोकाला टांगलेल्या, सुमारे ४० किलो वजनाच्या आरशांवरून ते परत येतात.
३. एरवी परत आलेले दोन्ही किरण एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात.
४. तरंग येऊन गेला तर एक नळी किंचित लांब व दुसरी किंचित आखूड होते. किरणांचा मेळ चुकतो आणि प्रकाश दिसतो.

हा फरक किती सूक्ष्म? अणूच्या गाभ्यातील प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका बदलही मोजता यावा, असे हे यंत्र बनवलेले असते.

भारतात आणखी एक यंत्र कशासाठी?

आवाज कोणत्या बाजूने आला हे आपल्याला दोन कानांमुळे कळते. तरंग कोठून आला हे कळण्यासाठीही एकमेकांपासून दूर असलेली अनेक यंत्रे लागतात. सध्या अमेरिकेत दोन, इटलीत एक (विर्गो) आणि जपानमध्ये एक (काग्रा) यंत्र आहे. भारत या सर्वांपासून दूर असल्यामुळे तरंगाची दिशा अधिक नेमकी सांगता येईल.

याचा उपयोग १७ ऑगस्ट २०१७ रोजी दिसून आला. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा तरंग आला. विर्गोच्या मदतीने दिशा ठरली, दुर्बिणी तिकडे वळल्या आणि ती आकाशगंगा सापडली. सोन्यासारखे जड धातू अशा टकरींत तयार होतात, याचा भक्कम पुरावा त्यातून मिळाला. आपल्या घरातील गुंजभर सोन्याचा उगम असाच एखाद्या टकरीत झालेला असू शकतो.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : अणुऊर्जा विभाग आहे म्हणजे हा अणुप्रकल्प आहे का?
उत्तर : नाही. येथे अणुभट्टी नाही आणि अणुइंधन वापरले जात नाही. लेसर किरण बंद नळीतच राहतो.

प्रश्न : यामुळे भूकंप होतील का?
उत्तर : नाही. हे यंत्र जमिनीत काहीही सोडत नाही, ते फक्त टिपते. उलट, दूरच्या भूकंपानेही त्याचे काम बिघडते.

प्रश्न : परिसर शांत का लागतो?
उत्तर : जमिनीची कंपने यंत्रापर्यंत पोहोचतात. लिव्हिंग्स्टन येथे आसपासची वृक्षतोड आणि रेल्वेगाड्यांची धडधड यांचाही मोजणीवर परिणाम झाला आहे. सुरुंगाचे स्फोट, खाणकाम किंवा मोठी यंत्रे जवळ असतील तर अडचण येते. जागा निवडताना म्हणूनच शांतता पाहिली गेली.

प्रश्न : जमिनीच्या मोबदल्याबाबत तक्रार असल्यास काय करावे?
उत्तर : तहसील किंवा उपविभागीय अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी आश्वासनावर विसंबून राहू नये.

प्रश्न : माझ्या मुलीला असे संशोधन करायचे असेल तर?
उत्तर : दहावीनंतर विज्ञान शाखा आणि पुढे भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकी हा मार्ग आहे. शाळेत असतानाच ‘इन्स्पायर पुरस्कार – मानक’ योजनेसाठी शाळेमार्फत नामांकन करता येते. निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात. याबाबत मुख्याध्यापकांकडे चौकशी करावी.

लक्षात ठेवा

‘लायगोत नोकरी लावून देतो’ असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. शासकीय संस्थांमधील भरती जाहिरातीद्वारेच होते. आधार क्रमांक, बँक पासबुक किंवा ओटीपी कोणालाही देऊ नका. फसवणूक झाल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्वरित कळवा.