माथेरानची शांतता

निसर्गाच्या सान्निध्यात मनास विसावा लाभतो, हे सर्वमान्य आहे. परंतु त्या विसाव्यात मनुष्याने केलेल्या बांधकामाचा वाटा किती असतो, याचा विचार क्वचितच होतो. या दृष्टीने माथेरानचा इतिहास उद्बोधक आहे.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि 'माथेरानचा शोध लागला' असे म्हणण्याचा प्रघात पडला. वस्तुतः धनगर, ठाकूर व कातकरी यांना हे रान पूर्वीपासून ठाऊक होते. शोध लागला तो मुंबईच्या उकाड्याने त्रासलेल्या साहेबलोकांना. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने येथे वसाहत वाढली. बंगले उठले, झाडीतून वाटा निघाल्या आणि कड्यांच्या टोकांना 'पॉइंट' ही संज्ञा मिळाली.

या वाटांचा मनावर होणारा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. तांबड्या मातीची वाट गर्द सावलीतून वळणे घेत जाते. दरीची चाहूलही लागू देत नाही. मग झाडी एकाएकी संपते आणि समोर अथांग पोकळी उभी राहते. तेथे साधा कठडा असला, तरी भयाची जागा विस्मय घेतो. म्हणजे तो आनंद केवळ कड्याचा नव्हे. वाटेचा आणि कठड्याचाही आहे.

१९०७ साली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या प्रयत्नाने नेरळहून दोन फुटी रुळांची आगगाडी वर आली. सुमारे २० किलोमीटरांचा हा घाट ती नागमोडी वळणांनी, सावकाश चढते. प्रवाशाच्या मनाला शहर मागे टाकावयास ही संथ गती अवसर देते. मोटारी मात्र दस्तुरी नाक्यापाशीच थांबविण्यात आल्या. २००३ मध्ये हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाल्याने या शिस्तीस कायद्याचे बळ मिळाले.

परंतु या शांततेची किंमत कोणी दिली? मोटार नाही, म्हणून धडधाकट प्रवाशांना बसवून माणसांनीच चढावर रिक्षा ओढल्या. २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षांची प्रथा मानवी प्रतिष्ठेस बाधक ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. त्याच वेळी दस्तुरी नाक्यापासून गावातील शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसविण्यास अनुमती देऊन आतल्या पायवाटा मात्र त्यांपासून मुक्त ठेवल्या.

या निर्णयात सोयीचे एक माप दडलेले आहे. जी सोय प्रवाशाला रानापर्यंत पोहोचवून स्वतः बाजूला सरते, ती स्वीकारार्ह. जी रान व प्रवासी यांच्या मध्ये उभी राहते, ती त्याज्य. आणि एकाच्या विसाव्यासाठी दुसऱ्याची छाती फुटत असेल, तर त्या विसाव्यास शांती हे नाव शोभत नाही.