पट्टीखालची भेग

जुनी मार्टिन गिटार दुरुस्तीला आली की मी आधी पिकगार्डची कड बघतो. पुण्यात अशा गिटारी कमीच; अमेरिकेहून परतलेल्या कुणाच्या तरी सामानातून येतात. साउंडहोलशेजारी, बारीक तारांच्या अंगाला ती थेंबाच्या आकाराची पट्टी असते. तिच्या कडेने ब्रिजकडे गेलेली भेग पुष्कळदा नखाला लागतेच. ओरखडे पडू नयेत म्हणून बसवलेल्या पट्टीनेच लाकूड चिरलं, याचं मला फार वाईट वाटतं. कारण ती बसवणारे कारागीर हलगर्जी नव्हते.

एकोणिसाव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी मार्टिन गिटारी बनत, तेव्हा पट्टीची गरजच नव्हती. तारा आतड्याच्या, वादन बोटांनी आणि लाकडाला लाखेचं पॉलिश. माझे वडील कपाटांना हेच पॉलिश करत. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळायचा आणि हात न थांबवता फिरवत राहायचं. हात जरा थबकला की तिथे डाग. हे पॉलिश दिसतं देखणं, पण घाम, दारू, नख, काहीच त्याला सोसत नाही.

1920च्या दशकात सगळंच बदललं. पोलादी तारा आल्या आणि लाखेच्या जागी नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं. बँजोवाले गिटारकडे वळले आणि त्यांच्या हातातलं, तारा छेडायचं पिकही सोबत आलं. 1929 साली पेरी बेक्टेल या बँजोवादकाच्या मागणीवरून मार्टिनने लांब मानेचं ओएम मॉडेल घडवलं. गिटारच्या तोंडाचं स्प्रूस इतकं मऊ की नख दाबलं तरी खूण उमटते. पिकचे फटकारे त्यावर रोज बसू लागले. 1930च्या सुमारास मार्टिनच्या गिटारींवर पिकगार्ड दिसू लागलं ते यामुळे. पट्टी सेल्युलॉइडची, नक्षी कासवाच्या पाठीची.

ही पट्टी कोऱ्या लाकडावरच चिकटवत आणि मग पट्टीसकट सगळ्यावर लॅकर मारत. काम सफाईदार दिसे. पण सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. तो वर्षानुवर्षं उडत जातो आणि पट्टी आकसते. खालची फळी जेमतेम तीन मिलिमीटरची. पट्टी तिला आपल्याकडे ओढते आणि कडेला रेषेरेषेतून लाकूड उकलतं. नव्या गिटारवर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून त्या कारागिरांना दोष देववत नाही. 1980च्या दशकात मार्टिनने रीत बदलली: आधी पूर्ण लॅकर, मग वरून पट्टी.

दुसऱ्या वाटाही होत्या. गिब्सन कंपनीने 1922च्या एल-5 गिटारवर पट्टी लाकडापासून उचलून, अधांतरी बसवली. तीही सेल्युलॉइडचीच, कुजू लागली की तिच्यातून निघणारी आम्लाची वाफ जवळच्या धातूला खाते. स्पेनमध्ये फ्लामेंको वाजवणारे बोटाच्या नखाने तोंडावर ठोके देतात, म्हणून तिथे गोल्पेआदोर ही पातळ पट्टी लावतात.

आणि पट्टी नसेल तर? अमेरिकन गायक विली नेल्सन यांची ‘ट्रिगर’ ही गिटार बघावी. मार्टिनची एन-20, नायलॉन तारांची. ही बोटांनी वाजवायची गिटार, म्हणून पिकगार्ड नाही. नेल्सन ती 1969पासून पिकने वाजवतात आणि साउंडहोलच्या खाली दुसरं भोक पडलं आहे. त्यांनी ते बुजवलं नाही. मला ते पटतं. तिथलं लाकूड वाजवून झिजलं आहे, निष्काळजीपणाने नव्हे. पट्ट्याच्या बकलाने पाठीवर पडलेले ओरखडे आणि स्टँडच्या स्वस्त रबराने विरघळवलेलं लॅकर यांची मात्र मला चीड येते. ते नुकसान टाळता येतं. वाजवून झालं की सुती फडक्याने घाम पुसावा आणि नायट्रो लॅकरच्या गिटारला स्टँडवर ठेवताना मध्ये कापड घालावं.

भेग आली की पट्टी काढावीच लागते. दिव्याने हलकी ऊब द्यायची आणि पातळ पात्याने कडेपासून सोडवत जायचं. घाई केली तर स्प्रूसचे तंतू पट्टीबरोबर उपटून येतात. मग भेगेत गरम सरस, आतून छोट्या चकत्यांचा आधार, वर बेताचा दाब. सरस पुरता सुकल्यावर उघड्या लाकडाला लॅकरचे हात देतो आणि ते वाळलं की मगच त्यावर पट्टी चिकटवतो. गिऱ्हाईक विचारतं, इतके दिवस का लागतात? मी त्याला सुटलेल्या पट्टीची खालची बाजू दाखवतो. तिला चिकटलेले तंतू बघितले की तो पुन्हा विचारत नाही.