सांजोवेसे आणि मराठा पलटणी

या पोस्टिंगला बेंगळुरूत जे. पी. नगरला घर मिळालं. आमच्या इमारतीतले एक निवृत्त कर्नलसाहेब महिन्यातून एकदा इटालियन रेड वाइन उघडतात आणि आम्हा चार-पाच फौजींना बोलावतात. रमवर वाढलेल्या माणसाला ती आधी नुसती आंबट-तुरट लागते. पण साहेबांचा एक नियम आहे: घोट घेण्याआधी लेबलवरचा मुलूख नकाशात शोधायचा. त्या नकाशात मला आपल्याच पलटणी सापडत गेल्या.

पहिली बाटली होती आब्रुत्झो प्रांतातली, मोंतेपुल्चानो द्राक्षाची. गडद रंग, पिकल्या जांभळासारखी चव. हा इटलीचा पूर्व किनारा. इथल्या सांग्रो नदीवर नोव्हेंबर 1943 मध्ये 8 वी भारतीय डिव्हिजन जर्मन फळीला भिडली. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण या डिव्हिजनमध्ये होती.

दुसरी बाटली उंब्रियातल्या तोर्जानोची, मुख्य द्राक्ष सांजोवेसे. तोर्जानो पेरुजा शहराजवळ आहे आणि पेरुजाच्या उत्तरेला, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मोंतोने नावाचं डोंगरावरचं गाव आहे. 10 जुलै 1944 रोजी तिथे तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अवघ्या पन्नास यार्डांवरून मशिनगन सुरू झाली. त्यांच्याखेरीज सेक्शनमधला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. घाडगे एकटेच धावले. ग्रेनेडने मशिनगन बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच पडले. वय 22. गाव आपल्या रायगडातल्या माणगाव तालुक्यातलं.

तिसरी बाटली रोमान्याची, तीही सांजोवेसेची. रोमान्यातल्या सेनिओ नदीवर 9 एप्रिल 1945 रोजी पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून, गोळीबारातून आणि सुरुंगांमधून मागे आणलं. मग परत जाऊन तीन मशिनगन ठाणी संपवली आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत बाकीच्यांना पुढे बोलावलं. हाताला गोळी लागलेली असताना. ते जिवंत परतले.

इटलीत 50,000 हून अधिक भारतीय सैनिक लढले, 5,782 धारातीर्थी पडले. त्या मोहिमेतल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 भारतीय सैनिकांचे, आणि त्यांतले दोन या मराठ्यांचे.

वाइन आणि लढाई एकाच मुलखात का सापडतात, याचं उत्तर फौजी माणसाला जमिनीत दिसतं. सांजोवेसे उशिरा पिकतं. त्याला ऊन खाणारा, पाण्याचा निचरा होणारा उतार लागतो. असा उघडा उतार आणि माथ्यावर दगडी गाव म्हणजे बचाव करणाऱ्याची चंगळ. ज्या उतारावर द्राक्ष पिकतं, तोच उतार आपल्या जवानांना खालून वर चढावा लागला.

आता चवीबद्दल. बेंगळुरूची हवा कितीही चांगली असली, तरी बाटली वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. 16 ते 18 अंश पुरे. ग्लास एक तृतीयांशच भरा, हलकेच फिरवा, आधी वास घ्या. सांजोवेसेत आंबट चेरी, सुकलेला पाला आणि कोऱ्या चहाचा तुरटपणा येतो. नुसती पिऊ नका, सोबत मटण घ्या. तेलातुपाला तिचा आंबटपणा छान कापतो.

हे द्राक्ष आता आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजलाही पिकतं. तिथल्या फ्रातेल्ली कंपनीच्या ‘सेत्ते’ वाइनमध्ये सांजोवेसे आणि काबर्ने सोव्हिन्यो एकत्र असतात. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. भारतीय आणि इटालियन भावांच्या जोड्यांनी मिळून ती उभी केली.

घाडग्यांची कबर कुठेच नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे, माणगावात पुतळा आहे, आणि जुलै 2023 मध्ये मोंतोनेच्या लोकांनी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं ब्रीद त्यावर आहे. पुढच्या महिन्याची बाटली मी नेणार आहे, उंब्रियाचीच. पहिला ग्लास त्यांच्या नावाने भरू. तुमच्याकडे कधी अशी बाटली उघडली, तर मुलांना नकाशात मोंतोने दाखवा.