नाथीबाईंचे नाव आणि ठाकरसी घराणे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्याजवळील हिंगणे येथे महिला विद्यापीठ सुरू केले, तेव्हा त्यास सरकारी मान्यता नव्हती. अण्णांनी गावोगाव फिरून जमविलेल्या वर्गणीवरच सारा भार होता. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी मात्र आवश्यक विषय, हे तेथील धोरण. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्यप्रदेशात राहिलेल्या पांढुर्णा-सौंसर भागातील मराठी वाचकास या धोरणाचे मोल सांगावयास नको.

१९२० मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. त्या काळी ही रक्कम केवढी होती, हे अण्णांच्या झोळीत पडणाऱ्या रुपया-आठ आण्यांवरून ताडावे. दात्याचे स्वतःचे नाव मात्र त्यात कोठेच नाही.

सर विठ्ठलदास १९२२ मध्येच निवर्तले. दाता गेला की घराण्याचा संस्थेशी संबंध बहुधा तसबिरीपुरता उरतो. येथे तसे घडले नाही. त्यांच्या पत्नी लेडी प्रेमलीला यांनी विद्यापीठाच्या कार्यात स्वतःस वाहून घेतले. (गांधीजींचे १९३३ चे पुण्यातील उपोषण त्यांच्याच ‘पर्णकुटी’त झाले.) १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईस आले. १९५१ मध्ये त्यास कायद्याने विद्यापीठाचा दर्जा लाभला, तेव्हा पहिल्या कुलगुरू झाल्या प्रेमलीलाबाईच. सासूचे नाव ल्यालेल्या विद्यापीठाचा कारभार सुनेच्या हाती आला.