कापसाची धूळ आणि संघटनेचा पैसा

माझा आजा मुंबईच्या एका कापडगिरणीत कार्डिंग खात्यात होता. रविवारची सुटी त्याला मानवत असे; सोमवारची पाळी करून आला की छातीला पट्टा आवळल्यासारखे होई आणि तो रात्रभर भिंतीला टेकून बसून राही, असे आजी सांगे. पुढे पुढे सगळेच वार सोमवारसारखे झाले. दवाखान्याच्या कागदावर ‘दमा’ एवढाच शब्द होता. दोष बिडीला दिला गेला. भरपाई मागायची असते, हेच घरात कोणाला ठाऊक नव्हते. घरातली पहिली पदवीधर होऊन मी ग्रंथालयात बसू लागले, तेव्हा आजाच्या सोमवारचे नाव मला एका पुस्तकात सापडले : बिसिनोसिस. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार.

हे नाव १८७७ पासून वैद्यकात आहे. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच या विकाराला भरपाई देण्यास सुरुवात केली होती. १९५० नंतर डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरच्या गिरण्यांत कामगार तपासून विकाराच्या पायऱ्या ठरवल्या. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते काय, हा त्यांच्या तपासणीतला कळीचा प्रश्न होता. एवढे सारे पुस्तकांत लिहिलेले असताना माझा आजा बिडीचा अपराधी कसा ठरला? ज्ञान असणे आणि ते कामगाराच्या कामी येणे यांत मोठे अंतर असते. हे अंतर तोडण्याचा एक प्रयत्न अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिना राज्यांतल्या गिरणी कामगारांनी केला. त्याचा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांनी वाचला पाहिजे. त्यातील यशासाठी आणि अपयशासाठीही.

या गिरण्यांची रचना आपल्याला अनोळखी वाटणार नाही. दक्षिण कॅरोलिनाने १९१५ मध्ये कायदाच केला की कापडगिरणीत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कामगारांनी एका खोलीत काम करू नये. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला झाडलोट, हमाली आणि गासड्या फोडण्याची धुळीची कामे आली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतरच गिरण्यांची दारे त्यांना खऱ्या अर्थाने उघडली. मुंबईत असा कायदा करावा लागला नाही. येथे रूढी पुरेशी होती. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याने उष्टावलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. परिणामी जास्त मजुरीचे विणकाम खाते आपल्या माणसांना बंद राहिले. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांसमोर हा प्रश्न रोखठोक ठेवला होता. कोणी कोणती धूळ खायची, हे जात ठरवते आणि वंशही ठरवतो.

गिरणीमालकांची भाषाही पाहा. १९६९ मध्ये अमेरिकेतील कापडधंद्याच्या एका नियतकालिकाने लिहिले की, बिसिनोसिस ही आफ्रिकेतल्या बैठकीला जाऊन आलेल्या भ्रष्ट डॉक्टरांची कल्पना आहे. श्रेष्ठ लोकांनी केव्हाच जिंकलेले रोग तिथल्या हीन वंशांना होणारच! प्रत्यक्षात त्या वेळी त्यांच्याच गिरण्यांतले गोरे कामगार खोकत होते. दुसऱ्याला हीन ठरवणारी विचारसरणी शेवटी आपल्या दारातल्या गरिबालाही नाकारते, याचा याहून उघड पुरावा कोणता हवा?

१९७५ मध्ये ‘कॅरोलिना ब्राऊन लंग असोसिएशन’ उभी राहिली. तिचे सभासद बहुतेक निवृत्त आणि दमलेले कामगार होते. जिना चढताना थांबणारी माणसे. संघटनेने गावोगाव श्वासतपासणीची शिबिरे भरवली, भरपाईचे दावे एकेकट्याने नव्हे तर जथ्याने दाखल केले, राज्यांच्या विधिमंडळांत माणसे नेली. केंद्राच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा खात्यापुढे १९७७ मध्ये सुनावणी झाली तेव्हा तज्ज्ञांच्या रांगेत हे कामगारही बोलले. १९७८ मध्ये नियम झाला : सूतकताईत दर घनमीटर हवेत धूळ २०० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. मालक न्यायालयात गेले.

आता पैशाचा प्रश्न. आजारी, निवृत्त माणसांची वर्गणी ती किती असणार? म्हणून चर्चच्या निधीतून आणि खाजगी प्रतिष्ठानांकडून पैसा आला. ‘व्हिस्टा’ या सरकारी योजनेतून अल्प मानधनावर तरुण कार्यकर्ते मिळाले. पुढे ओशाकडून कामगार-शिक्षणासाठी अनुदानही मिळाले. करदात्याच्या पैशावर आमच्याविरुद्ध चळवळ चालते, अशी ओरड मालकांनी केली. हा आक्षेप मला मान्य नाही. करदाते कामगारही होते. आणि मालकांच्या पैशावर चालणारे संशोधन तेवढे निःपक्षपाती, हे कोणी ठरवले?

परंतु मान्य नसलेल्या आक्षेपातही एक धोका लपलेला होता. जानेवारी १९८१ मध्ये रेगन सत्तेवर आले. काही आठवड्यांतच ओशाने स्वतःचीच कापूसधुळीवरील पुस्तिका मागे घेतली. कारण काय, तर मुखपृष्ठावर या विकाराने मेलेल्या एका कामगाराचे छायाचित्र होते आणि ते म्हणे पक्षपाती होते! व्हिस्टा आणि कामगार-शिक्षण या दोन्हींच्या निधीला कात्री लागली. त्याच वर्षी १७ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालकांचे म्हणणे फेटाळून धुळीचा नियम कायम केला. म्हणजे कायदा जिंकला त्याच वर्षी तो जिंकणारी संघटना खचू लागली. पगारी कार्यकर्ते गेले, शाखा ओस पडत गेल्या. नियमामुळे पुढच्या पिढीच्या छातीतली धूळ कमी झाली. हे श्रेय त्या म्हाताऱ्यांचेच. पण त्यांचे स्वतःचे दावे पुढे रेटायला माणसे उरली नाहीत.

यावरून ‘अनुदान घेऊच नका’ असा सोवळा निष्कर्ष मी काढणार नाही. श्वास मोजण्याचे यंत्र, डॉक्टर, वकील यांना पैसा लागतो आणि तो समाजाच्या तिजोरीतून मागणे हा आपला हक्क आहे. मात्र सभासदाच्या दारात जाणारा कार्यकर्ता अनुदानावर ठेवू नये. यंत्र गेले तर दुसरे मागता येते; दारात जाणारा माणूस गेला की संघटना मुकी होते.

आपल्याकडे कामगार राज्य विमा आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना ज्या योजनेचा पाया घातला गेला, तिचा कायदा १९४८ मध्ये झाला. आज तिच्यात मालक वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का भरतो. हा पैसा कोणाची खैरात नाही. तरीही त्यावरचा हक्क सांगायला कोणी दारात आले नाही, तर तिथल्या कागदावर ‘दमा’च लिहिला जाणार.

माझ्या वर्गात सूतगिरणीत जाणाऱ्या आयाबापांची मुले बसतात. मी त्यांना शिलिंगचा प्रश्न शिकवते आणि घरी विचारून उत्तर तारखेसह वहीत लिहायला सांगते : सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते काय? या प्रश्नाला कोणाच्या अनुदानाची गरज नाही. माझ्या आजाला तो कोणी विचारला नाही.