उरुकमध्ये एका रात्री

उन्हं कलली तरी भिंत अजून तापलेली आहे, हात लावू नका. ही उरुकची तटबंदी, घेर सुमारे 9 किलोमीटर. इसवी सनापूर्वी 2700 च्या आसपास, दक्षिण इराकच्या सपाट मातीत एवढं मोठं गाव बघून परगावचा माणूस बावचळतोच. तुम्हीही बावचळलात, तर कोणी हसणार नाही.

पण गल्लीतल्या बायका खालच्या आवाजात काय बोलतायत ते ऐका. राजा गिल्गमेश, निन्सून देवीचा मुलगा, दोन तृतीयांश देव आणि उरलेला माणूस. तरण्या पोरांना तो उसंत देत नाही, पोरींना आईबापांकडे राहू देत नाही. नव्या नवरीवर पहिला हक्क त्याचा. लोकांनी देवांपुढे गाऱ्हाणं घातलं, तेव्हा अरुरू देवीनं चिमूटभर माती रानात टाकून त्याच्या तोडीचा गडी घडवला: एन्किदू.

तो भेटेल वेशीबाहेर, मेंढपाळांच्या तळावर. कालपरवापर्यंत हा हरणांबरोबर गवत खायचा, पारध्यांचे सापळे मोडायचा. मग शम्हात नावाची गणिका आली. तिच्यासोबत सहा दिवस आणि सात रात्री गेल्या आणि हरणं त्याला बघून पळाली. मागे धावायला गेला, तर पायांत बळ नाही. आता त्याच्यापुढे भाकरी ठेवलीय आणि तो नुसता बघत बसलाय. ‘खा, माणसं हेच खातात,’ शम्हात समजावते. मग मात्र तो जवाच्या बीअरच्या सात सुरया रिचवतो, गाणी म्हणतो, अंगाला तेल लावून कपडे घालतो. (नंतर रात्रभर मेंढ्यांची राखणही तोच करतो. माणूस झाल्याबरोबर कामाला जुंपला!)

लग्नाला निघालेला एक वाटसरू त्याला राजाचा तो हक्क सांगतो. एन्किदूचा चेहरा पांढराफटक पडतो. चला त्याच्या मागोमाग.

लग्नघराच्या दारात गर्दी आहे, तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहा. गिल्गमेश येतो. एन्किदू दारात पाय आडवा घालतो. या राजाला ‘नाही’ म्हणणारा माणूस गावानं आजवर पाहिलेला नाही. दोघे भिडतात, बैलांसारखे. चौकट हादरते, तुमच्या पाठीमागची भिंत थरथरते. शेवटी गिल्गमेश एक गुडघा वाकवतो, त्याचा राग ओसरतो, तो वळतो. आणि एन्किदू? तो त्याचीच थोरवी गातो. दोघे मित्र होतात.

जिंकलं कोण, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. माझं लक्ष मात्र नवरीकडे. हाती आलेल्या मातीच्या पाट्यांत तिला एक शब्दही बोलायला मिळालेला नाही. गावानं राजाच्या जाचातून सुटका मागितली होती. मिळाला राजाला सोबती, आणि पुढे दोघेही देवदाराच्या रानाचा राखणदार हुंबाबा याला मारायला निघून गेले.

जुन्या सुमेरी काव्यांत एन्किदू गिल्गमेशचा चाकर आहे. अक्कादी भाषेत गिल्गमेशची गोष्ट नव्यानं रचणाऱ्या कवींनी त्याला बरोबरीचा मित्र केलं. माझ्या मते हे महाकाव्य मोठं झालं ते याच एका बदलामुळे. पुढे एन्किदू मरतो आणि गिल्गमेश सैरभैर होतो; चाकराच्या मरणानं कुठलाही राजा राज्य सोडून अमरत्व शोधत रानोमाळ भटकला नसता.